वाचक विचारतात : होम्स कुठून वाचायला घ्यावा?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात शेरलॉक होम्सचे मराठी खंड आहेत, पण मधले दोन गायब. आठवीतल्या मुलीने पहिलंच पुस्तक अर्ध्यावर सोडलं. क्रमानेच वाचायला हवं का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : मुळीच नाही. पहिल्या कादंबरीत, ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये (१८८७), गुन्हेगार निम्म्यातच सापडतो आणि गोष्ट अचानक अमेरिकेत, युटाच्या वाळवंटात जाते. होम्स कितीतरी पानं दिसतच नाही. मुलं तिथेच कंटाळतात.

कादंबऱ्या चार, कथा ५६. सुरुवात कथांनी करा. पहिली ‘द स्पेकल्ड बँड’ द्या. घंटेला न जोडलेली घंटेची दोरी, जमिनीला ठोकलेला पलंग, सगळे धागे उघड्यावर असतात. उलगड्याआधी पुस्तक मिटून तिला तर्क करू द्या. मग ‘सिल्व्हर ब्लेझ’. त्यात तबेल्यावरच्या पोराला मटणाच्या मसालेदार रश्श्यातून अफू दिली जाते. चव लपवायला तो रस्साच का, आणि त्या रात्रीचा बेत ठरवला कुणी, यावर होम्स बोट ठेवतो. (येसर घातलेल्या रश्श्यात काय काय खपतं, हे आपल्याकडे सांगायला नको!)

क्रम एकाच ठिकाणी पाळा : ‘द फायनल प्रॉब्लेम’ (१८९३) आधी, ‘द एम्प्टी हाउस’ (१९०३) नंतर. उलट झालं तर सगळी मजा गेली. ‘बास्करव्हिलचा कुत्रा’ ही कादंबरी मात्र कधीही चालेल. १९२७चा शेवटचा संग्रह बराच फिका आहे, तो नाही मिळाला तरी बिघडत नाही.

गोष्टी सांगणारा होम्सचा मित्र वॉटसन याची जखम आधी खांद्याला, नंतर पायाला दिसेल. ती चूक लेखकाचीच, अनुवादकाची नव्हे.