गोव्यातल्या चोडणसारख्या बेटावरच्या शेतकऱ्याला सरकारी मदतीसाठी वेगळे नियम आहेत का? जमीन आजोबांच्या नावावर आहे, कसतो मी.

वेगळे नियम नाहीत. चोडण असो, दिवाडी असो की पेडण्याचा डोंगर, कागद तेच: एक-चौदाचा उतारा (जमिनीवर कुणाचं नाव ते दाखवणारा), आधार, पासबुक आणि राज्याच्या योजनांसाठी कृषी कार्ड. बेट म्हणून सवलत एकच, फेरीबोटीत चालत गेलात तर तिकीट नाही.

पण तुमचं खरं दुखणं प्रश्नाच्या दुसऱ्या वाक्यात आहे आणि त्यावर मला गप्प बसवत नाही.

आमचं खाजन, म्हणजे बांद घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन, नदीला लागून. एका अमावास्येच्या भरतीला मानशीजवळचा (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळचा) बांद फुटला. खेकड्यांनी तो आधीच पोखरला होता, आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव घेणाऱ्याला भातापेक्षा सुंगटं, म्हणजे कोळंबी, प्यारी, त्यामुळे खारं पाणी आत ठेवायची घाई त्याला कायमच. भात पोटरीवर आलेलं. पाणी ओसरलं तेव्हा खालच्या पानांवर मिठाचा पांढरा थर, मग शेंडे जळत गेले. खारं पाणी सोसणारं जुनं कोरगूट भात असतं तर थोडंफार तगलं असतं, पण हल्ली सगळे ज्योती जातीचं भातच लावतात.

पंचनामा झाला. उताऱ्यावर वारलेले आजोबा आणि खाली काका. भरपाईच्या अर्जाला सगळ्या सहमालकांची 'हरकत नाही' मागितली. काका गेलेले, म्हणून चुलतभावाला ठाण्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "माझ्या वाट्याला किती येणार?" ज्याने बांदावर मातीची एक पाटी टाकलेली नाही, त्याचा हा प्रश्न! बियाणं माझं, ट्रॅक्टरचं भाडं माझं, लावणीच्या बायकांची मजुरी माझी. सही आली, मुदत टळल्यावर. अजून दर चतुर्थीला येतो आणि नेवऱ्या खात "जमीन आपल्या सगळ्यांची" असं ऐकवतो.

म्हणून सांगतो, अनुदानाच्या मागे नंतर लागा, आधी नाव लावून घ्या. गोव्यात वारसाहक्क २०१२ च्या कायद्याने चालतो. सब-रजिस्ट्रार कार्यालयातल्या विशेष नोटरीसमोर वारसाचा दस्त करा, वाटे पाडायचे तर इन्व्हेंटरी (कोर्टातून वाटणी), मग म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नाव बदलणं. मुलींचा वाटा मुलांएवढाच आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, त्यामुळे जावई-सुनांच्याही सह्या लागतात. म्हातारी माणसं हयात आहेत तोवर उरका. एक माणूस गेला की सह्या दुप्पट होतात.

पीएम किसानचं म्हणाल तर वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. जमीन १ फेब्रुवारी २०१९ ला नावावर असायला हवी. त्यानंतर फक्त वारशाने आलेली चालते. प्राप्तिकर भरणारा बाद. कसणारा आहे पण नाव नाही, तोही बाद. चिखलात उभा असलेला माणूस या योजनेला दिसतच नाही. दिल्लीतल्यांना खाजन दाखवायला हवं एकदा.

हे सगळं जमीन मालकीची असेल तर. उताऱ्यावर आजोबांचं नाव कुळाच्या रकान्यात असेल तर गोष्ट वेगळी. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळं मालक मानली गेली खरी, पण खरेदीची प्रक्रिया मामलेदाराकडे पूर्ण झाली का ते बघा; बऱ्याच घरांत ती अर्धवट पडलेली असते. कोमुनिदादीची, म्हणजे जुन्या गावसंस्थेची, जमीन असेल तर आधी वकील गाठा. योजनांच्या अटीही बदलत राहतात, तेव्हा अर्जापूर्वी विभागीय कृषी कार्यालयात एकदा विचारून घ्या.

आणि कुणी भाऊबंद सही अडवून बसला असेल तर पाच वर्षांच्या खर्चाच्या पावत्या त्याच्या पुढ्यात ठेवा, निम्मे पैसे मागा. आमच्याकडे तेव्हापासून फोन येत नाही, पण सह्या वेळेवर येतात.