जुनी लष्करी पदकं: आधी कड बघा

भाऊ, जळगाव-भुसावळकडच्या जुन्या पेट्यांतून निघणारी पदकं बहुतेक दोन महायुद्धांची असतात. पदकं जमवायची तर तिथूनच सुरुवात करा.

पहिली गोष्ट: ब्रासो, पितांबरी, चिंच काही लावू नका. काळपटपणा हाच जुनेपणाचा पुरावा असतो. सराफाला कसोटीवर घासूही देऊ नका.

मग भिंग घेऊन कड वाचा. १९१४-१८ च्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिमी, कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली. मूळ नाव घासून दुसरं टाकणं ही नेहमीची लबाडी. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) चार-पाच ठिकाणी व्यास मोजा. कुठे तो कमी भरला तर कड घासलेली असू शकते, सोडून द्या. हेच पदक ब्राँझमध्येही हमालांच्या, मजुरांच्या तुकड्यांना मिळालं होतं, त्यामुळे ब्राँझ दिसताच नकली म्हणू नका. दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिशांना दिलेली पदकं तर बिननावाचीच असायची.

ओतीव नक्कल ओळखायला सोपी:
- पृष्ठभागावर बारीक छिद्रं
- अक्षरांच्या कडा बोथट
- कडेवर साच्याची रेघ

फीत नवी असली तर बिघडत नाही, ती बदलतातच. टोपीचे बिल्ले मात्र इतक्यात घेऊ नका. जुन्या साच्यांतून नव्याने पाडलेले फार फिरतात. त्यातही १८२५ च्या खानदेश भिल्ल कोअरचा (इंग्रजांनी उभारलेल्या भिल्लांच्या पलटणीचा) बिल्ला म्हणून कुणी काही दाखवलं, तर पैसे खिशातच ठेवा.