वडिलांना पार्किन्सन्स आहे. त्यांच्या चालण्यावर लक्ष ठेवण्यासाठी स्मार्टवॉच घ्यावे का, आणि कोणते?

घड्याळ घ्यायचे असेल तर अवश्य घ्या, पण त्यातल्या पावलांच्या आकड्यावरून वडिलांचे चालणे सुधारले की बिघडले हे ठरवू नका, आणि दूर राहणाऱ्या नातेवाइकांना तर मुळीच ठरवू देऊ नका.

माझ्या थोरल्या भावाने परदेशातून बाबांसाठी असेच एक घड्याळ पाठवले आणि त्याचे आकडे तो तिथून रोज मोबाईलवर पाहू लागला. आकडे घसरले की त्याचा फोन यायचा, आणि तुम्ही बाबांना दिवसभर खुर्चीत बसवून ठेवता, असाच त्याचा सूर असायचा. वास्तविक आई त्यांना रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात वॉकर धरून चालवत होती. मनगटावरचे घड्याळ मुख्यतः हाताच्या हालचालीवरून पावले ओळखते. पार्किन्सन्समध्ये हाताचा झोका कमी होतो, पावले आखूड आणि घासत पडतात, आणि दोन्ही हात वॉकरवर असतील तर घड्याळाच्या लेखी माणूस जवळजवळ बसलेलाच असतो. हे मी दादाला अनेकदा समजावले. यंत्र खोटे बोलत नाही, एवढेच त्याचे उत्तर असे.

पुढे फिजिओथेरपिस्टने काही दिवसांसाठी घोट्यांवर आणि कमरेवर बांधायचे सेन्सर मिळवून दिले, तेव्हा खरी अडचण नोंदवली गेली. बाबांना फ्रीझिंग होत होते, म्हणजे पाय जमिनीला खिळत होते. अशा वेळी पाय पुष्कळदा जागच्या जागी थरथरतात, आणि ही थरथर ३ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३ ते ८ वेळांच्या, पट्ट्यात येते, तर नेहमीच्या चालण्याची हालचाल ०.५ ते ३ हर्ट्झमध्ये असते. या दोन पट्ट्यांतल्या हालचालींच्या जोराच्या गुणोत्तरावरून फ्रीझिंग ओळखण्याची पद्धत संशोधक स्टीव्हन मूर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडली, आणि त्यासाठी त्यांनी सेन्सर नडगीवर बांधला होता, मनगटावर नव्हे. बाबा कुठे अडले आणि गोळी केव्हा घेतली हे आई वहीत लिहीत असे. ती वही या नोंदींशेजारी ठेवल्यावर दिसले की दुपारच्या गोळीच्या आधी, स्वयंपाकघराच्या दारात किंवा वळताना, पाय सर्वाधिक अडत होते. दवाखान्यात मात्र बाबा ऐटीत चालून दाखवत. तपासणीच्या खोलीत फ्रीझिंग अनेकदा दिसतच नाही. डॉक्टरांनी लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाच्या, डोसांमधले अंतर कमी केले आणि बाबांची दुपार पुष्कळ सुसह्य झाली.

कोणते उपकरण घ्यावे, हे त्रास कोणता आहे यावर अवलंबून आहे. हालचालींतला मंदपणा आणि गोळ्यांमुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली मनगटावरूनही मोजता येतात. ऑस्ट्रेलियात विकसित झालेले पीकेजी हे उपकरण तेच करते, पण ते डॉक्टरांमार्फत वापरायचे असते. पाय अडत असतील तर सेन्सर पायावर किंवा कमरेवरच हवा. अर्थात सेन्सरमुळे पडणे टळत नाही, तो कधी कधी साध्या थांबण्यालाही फ्रीझिंग समजतो, आणि त्याच्या नोंदी पाहून गोळ्यांच्या वेळा स्वतःहून बदलणे धोक्याचे आहे.

घोट्यावरच्या नोंदी पाहून दादा म्हणाला की घड्याळ अधिक महागाचे घ्यायला हवे होते. तुमच्याही घरात असे कोणी असेल, तर पुढच्या सुट्टीत त्यांना दुपारच्या गोळीच्या आधी वडिलांसोबत स्वयंपाकघरापर्यंत चालायला सांगा.