बिग सायप्रस: ओअॅसिस ते आय-75, दोन दिवसांत नको

तुम्ही विचारलंय की राजगड ते तोरणा एका दिवसात करणाऱ्याला फ्लोरिडा ट्रेल या अमेरिकेतल्या लांब पायवाटेचा, बिग सायप्रस या दलदलीतला, ओअॅसिस माहिती केंद्र ते आय-75 महामार्ग हा साधारण 30 मैलांचा टप्पा जानेवारीत दोन दिवसांत जमेल का, आणि अॅलिगेटरचं काय करायचं. दोन दिवसांत करू नका. किमान तीन मुक्काम धरा.

सह्याद्रीत आपण चढाचा अंदाज घेऊन वेळ ठरवतो. इथे चढ नाहीच, सगळा हिशेब पाण्याचा. पावसाळा मे ते ऑक्टोबर, त्यामुळे हिवाळा लागला तरी पाणी लगेच उतरत नाही. पाऊस चांगला झालेल्या वर्षी जानेवारीतही घोट्यापासून मांडीपर्यंत पाणी लागतं. अशा पाण्यात वेग ताशी मैलभर, कधी त्याहूनही कमी. उजेड जेमतेम साडेदहा तास. अंधारात पाण्यातून खुणा शोधत चालायची वेळ येऊ देऊ नका.

पाण्यापेक्षा खालची जमीन जास्त दमवते. तळाशी चुनखडीचा खडक आहे आणि त्यावर मार्लचा म्हणजे चुनखडीच्या बारीक चिखलाचा थर, ओल्या शाडूसारखा चिकट. बूट रुतला की उपसून काढावा लागतो. पुढच्याच पावलाला खडकातलं विरघळून झालेलं भोक लागतं आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. सायप्रस झाडांच्या मुळांचे वर आलेले खुंट पाण्याखाली दिसतही नाहीत. म्हणून दोन काठ्या हव्यातच. आधी काठी टेकवा, मग पाय. वॉटरप्रूफ बूट अजिबात नकोत, आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. जाळीचे, पाणी निथळणारे शूज घ्या, नाडी घट्ट बांधा आणि लोकरी मोज्यांची एक जोडी फक्त झोपताना घालायला कोरडी ठेवा. रात्री पाय पूर्ण सुकले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कातडी सोलते.

खोल पाणी कुठे आहे ते झाडं आधीच सांगतात. लांबून घुमटासारखा दिसणारा सायप्रसचा झुबका असतो, त्यात मधली झाडं सर्वांत उंच. तिथे खडकात खळगा असतो, पाणीही तिथेच सर्वांत खोल. खुरटे सायप्रस विरळ उभे असतील तर पाणी उथळ. पाम किंवा ओक दिसले की जमीन काही इंचांनी वर आहे, म्हणजे बसायला कोरडी जागा. ही नजर एकदा आली की चालण्याची खरी मजा सुरू होते. पाणी इतकं नितळ असतं की तळाचं शेवाळ आणि मासे स्पष्ट दिसतात, आणि बाजूच्या खोडांवर ब्रोमेलियाड, म्हणजे झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती, लगडलेल्या असतात. 1968 मध्ये याच दलदलीच्या कडेला प्रचंड विमानतळ बांधायला घेतला होता. विरोधामुळे तो एका धावपट्टीवर थांबला आणि 1974 मध्ये हा भाग राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाला. विरोध करणाऱ्या त्या लोकांचे आपल्यावर खरंच उपकार आहेत.

पाण्याखाली पायवाट दिसत नाही. झाडांवरचे केशरी पट्टे हीच वाट. पुढचा पट्टा दिसला नाही तर मागच्या पट्ट्यापाशी परत या, अंदाजाने पुढे घुसू नका. स्वॅम्प बग्ग्यांचे (दलदलीत चालणाऱ्या गाड्यांचे) रुंद मार्ग वाटेला छेदतात आणि सोपे वाटतात, त्यांच्या नादी लागू नका. जीपीएसवर ट्रॅक आधीच उतरवून घ्या.

अॅलिगेटर दिसतील. त्यांना खायला देऊ नका, मोकळे खोल डोह टाळा, वाटेत पडलेला असेल तर लांबून वळसा घाला. मला जास्त काळजी कॉटनमाउथ सापाची वाटते. तो विषारी आहे, ओंडक्यावर किंवा कोरड्या उंचवट्यावर बसतो आणि बहुतेकदा जागचा हलत नाही. खोडाला हात लावण्याआधी, बसण्याआधी नीट बघा.

थंडी हलक्यात घेऊ नका. उत्तरेकडून थंड हवा आली की दिवसभर ओल्या अंगाने माणूस गारठतो. हिवाळ्यात सायप्रसची पानं गळतात, त्यामुळे दुपारी सावलीही नाही. पाणी गाळताना वरचं नितळ घ्या, गाळ ढवळला की फिल्टर तुंबतो. शिकारीच्या मोसमात केशरी जॅकेट घाला. मुक्कामाचा परवाना काढा आणि ओअॅसिसच्या रेंजरना पाण्याची सद्यस्थिती विचारा.

पहिल्या खेपेला माझं मत विचाराल तर पूर्ण टप्पा सोडाच. ओअॅसिसहून सेव्हन माइल कॅम्पला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत या. पाय आणि मन दोन्ही ताजे राहिले तर पुढच्या वेळी सलग करा, आणि ओळखीच्या कुणाला तरी आय-75 वरच्या 63 व्या मैलाच्या विश्रांतीथांब्यावर गाडी घेऊन बोलवा. त्याला तुमचे मुक्काम लिहून द्या. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका, उपग्रहावर चालणारं संकटसूचक यंत्र जवळ हवंच.