तो दरोडेखोर कोण?

प्रश्न : आमच्या घरी एका जुन्या कॅलेंडरचं पान जपून ठेवलंय. त्यावर एक जपानी माणूस, ओठ घट्ट मिटलेले, अंगरख्यातून दोन्ही पंजे बाहेर, बोटं फाकलेली. हा राक्षस आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : राक्षस नाही, नट आहे. नाव ओतानी ओनिजी, या नावाचा तिसरा नट. १७९४ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, कावाराझाकी नाटकगृहात त्यानं एदोबेई नावाच्या दुष्ट नोकराचं काम केलं. इप्पेई नावाच्या दुसऱ्या नोकराकडचे पैसे लुटण्यासाठी तो झेपावतो, तो हा क्षण. चित्रकार शाराकु. इप्पेई झालेल्या इचिकावा ओमेझोचंही चित्र त्यानं काढलंय. दोन्ही शेजारी ठेवली की अख्खा प्रवेश डोळ्यांसमोर उभा राहतो.

हे चित्र लाकडी ठशांनी छापलेलं. मी तीस वर्षं असे ठसे कोरतो, त्यामुळे माझी नजर आधी रेषेवर जाते. चित्रकाराचा कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचे आणि त्यावरूनच कोरायचे. म्हणजे मूळ रेखाटन ठसा कोरतानाच संपायचं! मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी. कपाळावरचे केस कोरणं सगळ्यात अवघड, ते मुख्य कारागिराकडे असे. पाठीमागचा काळसर भाग तुमच्या कॅलेंडरवर सपाट दिसत असेल; मुळात तिथे अभ्रकाची पूड आहे. मी एकदा अभ्रक सरसात कालवून छापून पाहिलं. दिव्याखाली कागद हलवला की चेहरा पुढे सरकल्यासारखा वाटतो. ते पाहिल्यावर छापील चित्राबद्दलचं माझं मत कायमचं बदललं.

पण शाराकुचं खरं धाडस स्त्रीपार्टी नटांच्या चित्रांत आहे. १६२९ पासून तिथे बायकांना रंगभूमीवर बंदी होती, बायकांची कामं पुरुषच करत. आपल्याकडे बालगंधर्वांचे फोटो पाहताना आपण शालूचा काठ, नथ, नजरेतला डौल बघतो. शाराकुनं सेगावा किकुनोजोचं ओशिझुच्या भूमिकेतलं चित्र काढलं, तेव्हा साजशृंगाराखालचा पुरुषी जबडा तसाच ठेवला. त्या काळचे लोक अशी चित्रं आवडत्या नटाची आठवण म्हणून विकत घेत. त्यांना तो देखणाच हवा असणार. ओता नानपो या समकालीन लेखकानं लिहून ठेवलंय की शाराकुनं फार खरं काढायचा प्रयत्न केला, म्हणून तो टिकला नाही. जेमतेम दहा महिन्यांत १४० च्या वर चित्रं, आणि १७९५ च्या सुरुवातीला काम थांबलं. मला स्वतःला त्याचा एकही चेहरा कुरूप वाटत नाही. भूमिकेच्या आत घाम गाळणारा माणूस त्यात दिसतो.

पान फेकू नका. भिंगातून पाहा : उभी सही, शेजारी सेन्सॉरचा छोटा गोल शिक्का, आणि तीन शिखरांच्या डोंगराखाली वेलीचं पान. ती प्रकाशक त्सुताया जुझाबुरोची खूण.