वाचकांचे प्रश्न : फुकट मिळालेला कोड विकावा का?

प्रश्न : आमची कंपनी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करून ग्राहकांना विकते. त्यातील बराच भाग ओपन सोर्स (कोणालाही पाहता, वापरता व बदलता येणाऱ्या कोडच्या) प्रकल्पांतून उचललेला आहे. वरिष्ठांना विचारले असता, ‘तो कोड सर्वांसाठी खुलाच आहे,’ एवढेच उत्तर मिळाले. इतरांच्या विनामूल्य श्रमांवर असा नफा मिळवणे योग्य आहे का?

उत्तर : नफा मिळवण्यात गैर काही नाही. व्यावसायिक वापरास मनाई करणारा परवाना ओपन सोर्सच्या व्याख्येतच बसत नाही. तरीही आपल्या वरिष्ठांचे उत्तर अपुरे आहे, कारण कोड खुला केल्याने लेखकाचा प्रताधिकार (कॉपीराइट) संपत नाही. इतरांना तो वापरता येतो तो परवान्यातील अटींवर. अमेरिकेतील फेडरल सर्किट न्यायालयाने 2008 साली जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात, अशा अटी मोडणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरू शकते, असे सांगितले. वाद होता रेल्वेगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पण त्या निकालाचा आधार आजही घेतला जातो.

अटी मात्र सारख्या नसतात. एमआयटी आणि बीएसडी या सैल अटींच्या परवान्यांत प्रताधिकाराची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की बहुतांशी काम भागते. जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) अधिक मागते : तिच्याखालील कोडवर बेतलेला प्रोग्राम आपण ग्राहकाला दिला, तर त्याचा सोर्स कोडही (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोडही) त्याच परवान्याखाली त्याला मिळायला हवा. सॉफ्टवेअर केवळ आपल्या सर्व्हरवर चालवून ग्राहकांना सेवा दिली, तर जीपीएलची ही अट लागू होत नाही. ही पळवाट बुजवण्यासाठीच एजीपीएल हा परवाना आहे. लिंक्सिस या कंपनीच्या राउटरमध्ये जीपीएलखालील लिनक्स या कार्यप्रणालीचा कोड असल्याचे 2003 साली उघड झाले, तेव्हा कंपनीला सोर्स कोड जाहीर करावा लागला. त्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा राउटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला आणि त्याच राउटरची लिनक्सवर चालणारी आवृत्ती कंपनीने पुढे मुद्दाम विक्रीत ठेवली. कोड उघड केला की धंदा बुडतो, ही भीती किमान तिथे तरी खरी ठरली नाही.

आपला प्रश्न कायद्यापुरता नाही, हे मी जाणतो. इंटेलच्या चिपमधील व्यवस्थापन-यंत्रणेत मिनिक्स ही कार्यप्रणाली वापरल्याचे 2017 साली समोर आले, तेव्हा तिचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी खुल्या पत्रात पैशांची अपेक्षा नसल्याचे सांगितले. केवळ सौजन्य म्हणून कळवले असते तर बरे वाटले असते, एवढीच त्यांची भावना होती. मिनिक्सच्या बीएसडी परवान्याने तशी सक्ती केलेली नव्हती. माझ्या मते अशा ठिकाणी परवान्याकडे बोट दाखवून मोकळे होणे कोत्या मनाचे आहे, आणि धोक्याचेही. 2014 साली इंटरनेटवरील संवाद सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तोवर इंटरनेटवरील असंख्य व्यवहार ज्या कोडवर विसंबून होते, त्याच्या प्रतिष्ठानाला वर्षाला जेमतेम 2,000 डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. आपल्या उत्पादनाचा भार ज्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) आहे, तिच्या देखभालीला पैसा किंवा मनुष्यबळ देणे हे मला दानापेक्षा स्वतःच्या मालाची काळजी घेण्यासारखे वाटते.

तूर्त आपण उत्पादनातील प्रत्येक बाह्य घटकाची त्याच्या परवान्यासह यादी करण्याचा आग्रह धरावा. जीपीएलखालील काही आढळल्यास सोर्स कोड देणे, तो घटक बदलणे किंवा लेखकाकडून वेगळा व्यावसायिक परवाना घेणे, हे मार्ग खुले असतात. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर पहिल्यांदाच चूक करणाऱ्याने सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत ती सुधारल्यास त्याचे हक्क पूर्ववत होतात.

प्रश्न : इंटरनेटवर सापडलेल्या कोडसोबत परवानाच नसेल तर?

उत्तर : तर सर्व हक्क लेखकाकडे राखीव आहेत, असे समजावे. लेखकाला पत्र पाठवून लेखी अनुमती मागावी. ती मिळेपर्यंत तो कोड विक्रीच्या उत्पादनात घालू नये.