‘पाऊत’चा ‘पाऊस’ झाला तेव्हा

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. मुलगा सहा वर्षांचा आहे आणि मुलगी चार वर्षांची. दर मे महिन्यात आम्ही राजापूरजवळच्या माझ्या माहेरी जातो. यंदा जाताना गाडीत माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला मुलगा परतताना खिडकीशी बसून स्थानकांच्या पाट्या अक्षरे लावत वाचत होता. ‘संगमेश्वर’पाशी तो अडला, मी सांगू लागले, तर म्हणाला, “तू नको सांगूस.” मुलगी इतके दिवस ‘पाऊत’ म्हणायची. मृगाच्या पहिल्या सरीला ती पडवीतून “आई, पाऊस आला!” असे स्वच्छ ओरडली. सगळे आनंदाने बाहेर धावले, माझ्या मात्र पोटात कालवले. सोमवारी शाळा सुरू होते आहे. मुलगा पहिलीत जाईल, मुलगी बालवाडीत. वह्यांना कव्हरे घालताना मला रडू येते. असे वाटणे चुकीचे आहे का? या सुट्टीतले मुलांना काही आठवेल का? आणि माझे रडणे मी त्यांच्यापासून लपवावे का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘पाऊत’ मी दोनतीनदा वाचला, आणि सर्वांत आधी एकच काम सुचवते : तो शब्द आजच तारीख घालून एखाद्या वहीत लिहून ठेवा. मुलांचे पहिले पाऊल, पहिला दात, पहिला शब्द यांची नोंद आपण करतो. पण जो बोबडा शब्द वर्ष-दोन वर्षे घरात सर्वांच्याच तोंडी रुळलेला असतो, तो मूल नीट बोलू लागले की बघता बघता घरच्यांच्याही स्मरणातून निघून जातो. तुम्हाला वाईट वाटले ते मुळीच चुकीचे नाही. मुलीने स्पष्ट बोलू नये असे तुम्हाला वाटत नव्हते. ओळखीचे एक लहान मूल घरातून गेले आणि त्याला निरोप द्यायलाही वेळ मिळाला नाही, याचे ते दुःख आहे. ते आनंदाच्या क्षणी आले म्हणून खोटे ठरत नाही.

मुले सुट्टीतच एकदम मोठी झाल्यासारखी का वाटतात, याचाही विचार करण्याजोगा आहे. या वयाचे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर उंच होते, म्हणजे पाच आठवड्यांत जेमतेम अर्धा सेंटीमीटर. तो डोळ्यांना दिसणे शक्य नाही. मला कारण वेगळे दिसते. कोकणातल्या घरात मे महिन्याच्या अखेरीस कोणालाही उसंत नसते. पाऊस लागण्याआधी आगोटीची कामे उरकायची असतात : आमसुले वाळवायची, आंबापोळीची ताटे उन्हात ठेवायची आणि ढग आले की धावत आत आणायची, लाकूडफाटा कोरड्या जागी रचायचा. अशा घरात सहा वर्षांच्या मुलालाही कोणीतरी “जा रे, ती सुपे आत घे” असे सांगते, आणि ती सुपे त्याने खरोखरच आत आणली नाहीत तर भिजणार असतात. शहरात आपण मुलांना खेळणी देतो, वर्ग लावतो, पण ज्यावाचून अडेल असे काम सहसा देत नाही. “तू नको सांगूस” म्हणणारा तुमचा मुलगा मला त्या अंगणात तयार झालेला वाटतो. म्हणून माझा आग्रह आहे की, शाळा सुरू झाल्यावरही दोघांकडे एकेक खरे काम राहू द्यावे. रेनकोट वाळत घालणे, डबा धुवायला काढून ठेवणे, काहीही चालेल, मात्र ते तुम्ही मागून पुन्हा करू नये.

उंचीच्या खुणा मात्र जरूर करा. फ्रान्समध्ये गेनो द मोंबेयार नावाच्या एका पित्याने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, साधारण दर सहा महिन्यांनी मोजली आणि त्याचा मित्र, निसर्गअभ्यासक ब्यूफाँ, याने ती प्रसिद्ध केली. मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारे आजही त्या नोंदींचा उल्लेख करतात. तुम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली तरी पुरे. एवढेच पाहा की दर वेळी ती सकाळीच करावी, कारण दिवसभराच्या हिंडण्याने पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या थोड्या दबतात आणि संध्याकाळी माणूस किंचित बुटका भरतो.

आठवणींविषयी मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. बहुतेक प्रौढांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, आणि त्या वयातलेही फार थोडे टिकते. मुलीच्या मनात या सुट्टीतले कदाचित काहीच उरणार नाही. मुलाच्या मनात काही तुकडे उरतील, आणि ते तुम्हाला मोलाचे वाटणारे असतीलच असे नाही. पण ज्या घरात झालेल्या गोष्टींबद्दल मुलांशी निवांत बोलणे होते, तिथल्या मुलांना आपले बालपण अधिक तपशिलाने आठवते, असे या विषयाच्या अभ्यासकांना आढळले आहे. फोटो दाखवून “मजा आली ना?” असे विचारले की मूल “हो” म्हणून मोकळे होते. त्याऐवजी “सर आली तेव्हा तू कुठे होतीस? मग आजीने काय केले?” असे विचारा आणि ती जे सांगेल ते तुमच्या आठवणीशी जुळले नाही तरी लगेच दुरुस्त करू नका.

राहिला रडण्याचा प्रश्न. मुलांनी तुमचे डोळे ओले पाहिले तर काही बिघडत नाही. “तुम्ही मोठे होताय, मला छान वाटते आणि थोडे रडूही येते,” एवढे सांगितले तर त्यांना ते कळते. परंतु “लहान होतास तेव्हा किती गोड होतास” हे वाक्य कृपा करून त्यांच्यासमोर टाळा. आपण ते प्रेमाने बोलतो, पण मुलाला त्यातून असे ऐकू येते की आता तो तितकासा आवडत नाही. सोमवारी फाटकाशी निरोपही थोडक्यात घ्या. मुलीला “बारा वाजता मी याच झाडाखाली असेन” असे नेमके सांगा आणि बारापूर्वी पाच मिनिटे तिथे उभ्या राहा. पहिले काही दिवस तिला या भरवशाची फार गरज पडेल.

आणि त्याआधी, रविवारी सकाळी, मुलाला उजेडात आणून “आ” करायला सांगा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे कायमची पहिली दाढ उगवते. ती येताना एकही दात पडत नाही, त्यामुळे अनेक घरांत ती आल्याचे कळतच नाही, आणि दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्षही होते. ती आलेली असेल तर त्याच्या हातात आरसा द्या, तिथवर ब्रश पोहोचवायला शिकवा, आणि वहीत ‘पाऊत’च्या खाली तिचीही तारीख घाला.